नख रुतेल इतकं मऊ

"नख मारा ताई," दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या तळहातांवर रबराचे दोन काळे ठोकळे होते. माप एकच, दोन्हींच्या वर-खाली लोखंडी पट्टी चिकटवलेली. मी मनूला डाव्या कडेवर सरकवलं आणि उजव्या अंगठ्याचं नख पहिल्या रबरात दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्यात दाबलं तर नख रुतलं. काढल्यावर बारीक चंद्रकोर उमटली आणि बघता बघता पुसली गेली.

"हे मऊ," मी म्हटलं.

"मऊ बसवलं तर इंजिन जागच्या जागी डुलणार, पण त्याची थरथर बॉडीत येणार न्हाई. कडक बसवलं तर इंजिन हलणार न्हाई, मग सगळी थरथर तुमच्या हाडात. डिझेल हाय हे. तुमच्या वडलांचं, डॉक्टरांचं, पेट्रोल इंजिन कसं गोडीत चालायचं, तसं हे चालणार न्हाई. आता तुम्ही सांगा काय पायजे."

इंजिन कुठल्याच गाडीत थेट चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, टेकवत नाहीत, त्याच्या पायांखाली अशी रबरं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणायचे. जीपचं बॉनेट काढून भिंतीला लावलं होतं. आत इंजिनाच्या जागी नुसता खड्डा होता, आणि शेजारी दोन टायरांवर ते जुनंच पण आमच्यासाठी नवं डिझेल इंजिन बसलं होतं. त्याचे पाय जीपच्या जुन्या खुणांवर येत नव्हते. मिस्त्री नवे ब्रॅकेट वेल्डिंग करून देणार होते. त्याआधी रबर ठरायला हवं होतं.

"मिस्त्री, तिला कुठं विचारताय?" माझे यजमान धैर्यशील हसत म्हणाले. "बाळाच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचते ती. आता इथंच मुक्काम टाकेल."

"विचारायला नको?" मिस्त्री म्हणाले. "गाडी त्यांच्या वडलांची. बसणार त्या."

मी विचारलं, "मऊ लावलं तर धोका काय?"

"धोका म्हणजे, लई खड्ड्यांतनं हाणली तर इंजिन इतकं डुलतंय की पंखा रेडिएटरला लागतोय. चिखलात रुतल्यावर ताण देऊन काढायला गेलं की रबर फाटतंय. पण तुम्ही काय, कोल्हापूर ते गारगोटी. डांबरी रस्ता."

"मग मऊच. मनूला झोप लागली पाहिजे."

"मऊ," धैर्यशील म्हणाले आणि मनूच्या गालाला बोट लावलं. "झालं, ठरलं."

जीप अण्णांची होती. अण्णा जनावरांचे डॉक्टर. गारगोटीच्या पुढं आमचं गाव आहे, तिथून वाड्यावस्त्यांवर अडलेल्या म्हशी सोडवायला ते हीच जीप घेऊन जायचे. कॉलेजात असताना त्यांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली. ब्रेक दाबायला सीटवरून अर्धं उठायला लागायचं. अण्णा गेले तेही तिच्यातच. एका गोठ्यावरून येताना त्यांनी गाडी कडेला नीट लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माणसं पोचली तेव्हा इंजिन चालूच होतं. मी एकुलती एक, त्यामुळं आरटीओच्या पुस्तकावर माझं नाव लागलं. दोन वर्षं मी ती चालवली. पोटात मनू होती तेव्हाही, सातव्या महिन्यापर्यंत. आई गावी एकटी. गावापर्यंत एस.टी. दिवसातून दोनदा, तीही आली तर. जीप होती म्हणून मला माहेरी जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, एवढंच त्या गाडीचं मोल.

मग जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. मिस्त्री म्हणाले, याचे भाग आता मिळत नाहीत. "डिझेल टाकू," असं धैर्यशीलच म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की मी मनूला घेऊन स्वयंपाकघरात गिरक्या घेतल्या होत्या.

आई फोनवर रोज विचारायची, "जीपचं काय झालं गं?"

"होतेय. पंधरा दिवस लागतील म्हणाले."

"पंधरा दिवस?"

"मग मी आणि मनू येतो. मनूची सीट घेऊन गॅरेजात दिलीय मी. मिस्त्री मागच्या बाकावर पट्टा बसवून देणार आहेत."

"बरं," आई म्हणायची. तिला वाट बघवत नसेल, असं मला वाटायचं.

मनू तेव्हा नऊ महिन्यांची होती. मी रात्रीत चार वेळा तिच्या नाकासमोर बोट धरायची. दुधाची बाटली उकळल्यावर पुन्हा एकदा उकळायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आम्हीपण पोरं वाढवली." मी हो म्हणायची आणि थर्मामीटर झटकायची.

त्याच आठवड्यात मनूला ताप आला. दुपारी एकशे दोन. मी तिच्या कपाळावर घडी ठेवत बसले होते, तेव्हा धैर्यशील कामावरून मध्येच आले. हातात कागद होते.

"आरटीओत द्यायचेत. इंजिनाचा नंबर बदलला की पुस्तकात नोंद लागते. मालकाची सही हवी."

"आत्ता?"

"एजंट खाली थांबलाय. पेन्सिलनं खुणा केल्यात बघ, तिथं तिथं कर."

मी गुडघ्यावर कागद ठेवले. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर खूण फिकट होती, त्यांनी बोट ठेवलं. "इथं." चौथा. मनू रडायला लागली, मी पेन परत केलं आणि घडी पुन्हा पाण्यात बुडवली.

ताप तीन दिवसांनी उतरला. गॅरेजला जाते म्हटलं की धैर्यशील म्हणायचे, "नको गं. तिथं वेल्डिंगचा धूर. नुकती उठलीय ती." बरोबरच होतं. मला ते बोलणं आवडलंही होतं. माझ्यासारखीच काळजी करणारं घरात आणखी कुणीतरी आहे, असं वाटलं होतं.

पंधराव्या दिवशी मी मनूला लसीचा डोस द्यायला उद्यमनगरच्या बाजूला गेले होते. परत येताना रिक्षा गॅरेजवरून वळवली. धैर्यशील कामावर होते. त्यांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

जीप उभी होती. बॉनेट लावलेलं, अंग धुतलेलं. मिस्त्रींनी मला बघितलं आणि हात पुसायला लागले. फार वेळ पुसत राहिले.

"झाली की हो!" मी म्हटलं. "चालू करा ना."

"संध्याकाळी साहेब येणारच हायत न्यायला. तेव्हा..."

"चालू करा मिस्त्री. ऐकू तरी द्या."

त्यांनी चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि सगळी जीप त्याच्याबरोबर थरथरायला लागली. समोरची काच खुळखुळत होती. मी मनूची दुधाची बाटली सीटवर ठेवली होती. दुधाला फेस येत होता. मी दारावर हात ठेवला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"बंद करा."

त्यांनी बंद केलं.

"बॉनेट उघडा."

"ताई..."

"उघडा."

इंजिनाच्या पायांखाली काळी रबरं नव्हती. पिवळे ठोकळे होते, प्लास्टिकसारखे चकचकीत. मी वाकून नख मारलं. नखच वाकलं.

"हे काय आहे?"

"ही सगळ्यांत कडक. जंगलातनं, चिखलातनं गाड्या पळवत्यात ना, ते लावत्यात. पुण्यास्नं मागवून घेतली." मिस्त्री माझ्याकडं न बघता बोलत होते. "तुमचाच निरोप होता की."

"माझा?"

"साहेब म्हणाले, ताईंनी विचार बदलला. मला जरा नवल वाटलं. मऊ तर मी बसवून टाकली होती. परत उतरवायला लागली. मी म्हटलं, ताईंना एक फोन करू का. साहेब म्हणाले, पोर आजारी हाय, त्रास देऊ नका."

"चिखलात कोण पळवणार आहे मिस्त्री ही जीप?"

त्यांची नजर भिंतीकडं गेली. गॅरेजच्या भिंतीला एक चौकोनी लोखंडी पाटी टेकवून ठेवली होती. नुकती रंगवलेली, कडांचा रंग अजून ओला होता. तिच्यावर वाघाचा पंजा होता आणि खाली दाजीपूरच्या बाजूला असलेल्या एका जंगल कॅम्पचं नाव. तो कॅम्प धैर्यशीलच्या मित्राचा, संग्रामचा. आमच्या लग्नात त्यानं हलगीपुढं सगळ्यांत जास्त नाच केला होता.

"ही कुठं लावायची?" मी विचारलं.

"दारावर," मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्या कागदावर काय होतं ते मला तिथं कळलं. मी एम.ए. झालेली बाई. गोळ्यांच्या पाकिटामागची तारीख बघितल्याशिवाय मी शेजाऱ्यांच्या पोरालाही गोळी देत नाही.

मी धैर्यशीलना फोन लावला.

"गॅरेजमध्ये आहे मी."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "मनूला घेऊन?"

"जीप विकलीत?"

"केतकी, संध्याकाळी घरी बोलू. फोनवर नको."

"माझी सही घेऊन विकलीत. माझं नाव सांगून रबरं बदललीत."

"संध्याकाळी सगळं सांगतो."

"मी आईकडं चाललेय. जीप घेऊन. आत्ता."

"केतकी, ऐक. आईंना यात आणू नकोस. प्लीज. आईंना काही बोलू नकोस."

मी फोन ठेवला. सासूच्या नजरेतून उतरायची एवढी भीती, असं मनात आलं, आणि त्या रागातही जरा बरं वाटलं.

"चावी द्या मिस्त्री."

मिस्त्री चावीकडं बघत राहिले. "कागद अजून आरटीओत गेलेलं न्हाईत," ते हळूच म्हणाले. "गाडी ताब्यात गेल्यावर एजंट देणार हाय. म्हणजे मालक तुम्हीच. पण नवं इंजिन हाय, ट्रायल झालेली न्हाई. मी येतो मागं बसून. पोरीपाशी."

निघायच्या आधी त्यांनी फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. "तुमची रबरं. टाकवली न्हाईत मला."

मनूच्या सीटचा पट्टा मी तीनदा ओढून बघितला. मिस्त्रींनी चौथ्यांदा ओढला.

कळंबा सुटेपर्यंत माझे दात एकमेकांवर आपटत होते. स्टिअरिंगचा कंप खांद्यात चढत होता. दर दोन मिनिटांनी मी ओरडून विचारायची, "काय करतेय?"

"झोपली!" मिस्त्री मागून ओरडायचे.

"नीट बघा, श्वास बघा!"

"घोरतीया ताई! पाळण्यात झोपणार न्हाई अशी!"

मुदाळतिट्ट्याला आरशातून मीच बघितलं. मनूचे गाल जीपबरोबर थरथरत होते आणि ती गाढ झोपली होती. मी रडायचं म्हणत होते, ते राहूनच गेलं. हसू आलं. मिस्त्रीही हसले. "डिझेल इंजिनाचं काळीज हाय पोरीचं. आजोबावर गेलीया." आईला काय काय सांगायचं ते मी जुळवत होते. आई धैर्यशीलना कधी एकेरीत बोलली नव्हती, आज बोलेल, असं वाटत होतं. ती आधी मनूला घेईल, मग मला जवळ घेईल, मग म्हणेल, बघते मी त्याच्याकडं. दीड तासात मी ते दृश्य दहा वेळा बघितलं.

गावात शिरल्यावर मी हॉर्न वाजवला. आई आवाज ऐकून आधीच फाटकाशी आली होती. पदर खोचलेला, हाताला पीठ. तिनं जीपकडं बघितलं. माझ्याकडं नाही, मनूकडंही नाही, जीपकडं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"ही अजून नेली न्हाई त्यांनी?" आई म्हणाली.

मी इंजिन बंद करायला विसरले. ते धडधडत राहिलं.

"कुणी?"

आईनं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री मनूचा पट्टा सोडवण्यात गुंतले.

"कुणी नेली नाही, आई?"

"बंद कर ते आधी."

"आई, तुला माहीत होतं?"

"बंद कर गं बाई," ती जवळजवळ किंचाळली. "बंद कर. त्या दिवशीपण असंच चालू ठेवून..."

मी चावी फिरवली. गल्लीत एकदम शांत झालं. मनू जागी झाली.

आई फाटकाला धरून उभी होती. "जावईबापूंना काही बोलू नको. मीच सांगितलं त्यांना. विकून टाका म्हटलं. ते नको म्हणत होते. मी गळ घातली, मग ते तरी काय करतील."

"का?"

"का म्हणून काय विचारतीस? तू तिकडनं निघालीस म्हणून सांगितलंस की मी या उंबऱ्यावर येऊन बसती. गारगोटीचं वळण, पुढचं वळण, सगळी मोजती. आवाज येईपर्यंत घास उतरत न्हाई. परत गेलीस की पोचल्याचा फोन येईपर्यंत तेच. आधी तू एकटी होतीस. आता त्यात ही." तिनं मनूकडं हात केला. "त्या गाडीतनं एक माणूस काढून आणलंय मी."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगून ऐकली असतीस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी चावी काढून मुठीत धरली.

"रोज विचारत होतीस, जीपचं काय झालं."

"गेली का न्हाई, तेच विचारत होती."

"आणि माझी सही?"

आईनं हाताचं पीठ झटकलं. "सही कशी घ्यायची ते त्यांनी बघितलं. ते मी विचारलं न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाली, "विचारायला पायजे होतं."

मिस्त्री मनूला घेऊन चाफ्याखाली जाऊन उभे राहिले. ते तिला झाडावरचा कावळा दाखवत होते.

"आत चल," आई म्हणाली. "भाकरी टाकलीया. पोरीला भूक लागली असंल."

मी जीपमधून उतरले. मुठीतली चावी आईच्या पीठ लागलेल्या हातात ठेवली.

"त्यांना म्हणावं इथून घेऊन जा. तू दे त्यांच्या हातात."

"केतकी."

"मला सांगितलं नाहीस. मी सगळं तुला येऊन सांगायची, आई."

दुपारची एस.टी. त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. मनूची सीट मिस्त्रींनी खांद्यावर घेतली, वर्तमानपत्राची पुडी मी. आई फाटकातून रस्त्यापर्यंत आली, तिथून पुढं आली नाही. मुदाळतिट्ट्यापर्यंत मनू माझ्या मांडीवर नुसती रडत होती. एस.टी.त तिला झोप येईना.

स्टँडवर धैर्यशील उभे होते; आईनं फोन करून सांगितलं असणार. त्यांनी हात पुढं केले, मी मनूला त्यांच्याकडं दिलं. मिस्त्री सीट खाली ठेवून निघून गेले.

"आईंनी शपथ घातली होती," धैर्यशील म्हणाले. "त्यांना वाटायचं, त्यांचं नाव कळलं तर तू त्यांना तोडशील. म्हटलं, माझ्यावर चिडलीस तर चालेल."

"तिसऱ्या कागदावर खूण फिकट होती," मी म्हटलं. "तुम्ही बोट ठेवून दाखवलंत."

त्यांनी मनूचं टोपडं सारखं केलं. मग सीट उचलली आणि रिक्षाला हात केला.

आठ दिवसांनी कॅम्पची माणसं गावात येऊन जीप घेऊन गेली. आईनं फोनवर सांगितलं, "गेली." मी "बरं" म्हटलं. एस.टी. दिवसातून दोनदा होतीच. त्यानंतर वर्षभर मी माहेरी गेले नाही.

पुढं जायला लागले. आई आता थकलीय, आम्ही एकमेकींशी चांगलं बोलतो. धैर्यशीलशीही. कुठल्याही कागदावर सही करताना मी तो पहिल्या ओळीपासून वाचते आणि ते शेजारी मुकाट्यानं उभे राहतात. मिस्त्रींनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गॅरेज पोराकडं दिलं.

परवा मनू माळ्यावर काहीतरी शोधत होती. बारा वर्षांची झालीय. मैत्रिणींबरोबर एस.टी.नं आजीकडं जायचं म्हणत होती, आम्ही कुणी न येता. मी अजून हो म्हटलेलं नव्हतं. माळ्यावरून तिनं वर्तमानपत्राची पुडी खाली आणली.

"हे काय आहे गं? किती जड."

"रबर आहे," मी म्हटलं. "इंजिनाखाली घालायचं. तू झोपावीस म्हणून घेतलं होतं. नख मार बघू. रुततं."

तिनं मारलं. दात-ओठ खाऊन दाबलं. मग बोट झटकून माझ्याकडं बघायला लागली.

"कुठं रुततंय? दगड झालाय याचा."

मी तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः मारून बघितलं. नखच वाकलं.